सरनाईकांचा पाहुणा

क्रिकेट हा सभ्य माणसांचा खेळ आहे आणि मैदानावर सगळे सारखे असतात. या खेळाने जगाला एवढं जरी शिकवलं असेल, तरी त्याचे उपकार फिटायचे नाहीत.

हे वाक्य माझं नाही. आमच्या कंपाउंडच्या क्लबाने ते सोनेरी चौकटीत लावलं होतं, इंग्रजीत. मी ते वाचलं तंबूच्या कनातीच्या फटीतून, बाहेर उन्हात उभा राहून. आत जायची मला परवानगी नव्हती.

त्या दिवशी मी चार गडी बाद केले होते. चहाची वेळ झाली. सगळे तंबूकडे निघाले, तसा मीही निघालो. आत एसी चालू होता, त्याची थंड झुळूक पायऱ्यांपर्यंत येत होती. दाराशी रूपर्ट उभा होता. आमचा कॅप्टन. इंग्लंडचा, कंपनीत प्रोजेक्ट डायरेक्टर. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, शाबासकी. त्याच हाताने त्याने मला हळूच फिरवलं आणि म्हणाला, "युअर्स इज राउंड द बॅक."

तुझा चहा मागच्या बाजूला.

मागच्या बाजूला जनरेटर होता. पाण्याचा कूलर, कागदी पेले, दोन माळी, एक एसी मेकॅनिक. आणि मी, चार विकेटवाला.

हाकललं याचं एवढं वाटलं नाही. हाकललं जायची सवय असते. पण त्याने ते इतक्या अदबीने केलं, की मी "थँक यू, सर" म्हणालो. आजही मला त्याचं वाक्य आठवत नाही तेवढं माझं आठवतं.

ही गोष्ट सौदीतल्या रास तनुराच्या रस्त्यावरची. एका कंत्राटदार कंपनीत मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी गाव. आमच्या मुसलमान मोहल्ल्यातून दर घरचा एक माणूस आखातात. कंपनीची वस्ती दोन भागांत आहे. एक कॅम्प, एक कंपाउंड. कॅम्पात आम्ही, पत्र्याच्या खोल्यांत, खोलीत चौघे. कंपाउंडला भिंत, भिंतीवर बोगनवेल, आत बंगले, पोहण्याचा तलाव आणि गवताचं मैदान. खरं गवत. समुद्राचं पाणी गोडं करून त्यावर शिंपडायचे. आमच्या कॅम्पात नळाला दुपारी पाणी नसायचं.

मैदान क्लबाच्या सभासदांचं. सभासद व्हायला ठरावीक ग्रेड लागतो. माझा ग्रेड त्याच्या तीन पायऱ्या खाली. पण त्यांना गोलंदाज मिळत नव्हता. साहेब लोकांना बॅटिंग आवडते. बोलिंगमध्ये घाम येतो.

म्हणून मला पाहुणा केलं. क्लबाच्या कॉम्प्युटरमध्ये बिगरसभासदाचं नाव भरायची सोयच नव्हती. कुठल्या तरी सभासदाचा पाहुणा म्हणूनच नोंद व्हायची. माझी नोंद झाली सरनाईकांच्या नावावर. सरनाईक म्हणजे आमचे व्हाइस कॅप्टन आणि विकेटकीपर, पुण्याचे इंजिनीअर, शिक्षण इंग्लंडला. त्यामुळे छापील स्कोअरकार्डावर इतरांची नावं आद्याक्षरांसकट यायची, आणि माझ्या जागी यायचं: गेस्ट ऑफ एन. सरनाईक.

दोन मोसम मी असाच खेळलो. गेटवर माझा पास सर्व्हिसचा, माळ्यांचा असतो तोच. कार्डावर मी सरनाईकांचा पाहुणा. दुसऱ्या मोसमात सर्वोत्कृष्ट गोलंदाजाची ढाल सरनाईकांच्या पाहुण्याला जाहीर झाली. ती सरनाईकांनी स्वीकारली. समारंभाला फक्त सभासदांना प्रवेश होता.

आता खरं लिहायचं, तर मला त्या वेळी अन्याय वगैरे दिसत नव्हता. मला सरनाईक दिसायचे.

त्यांचा कोट दिसायचा. क्लबाचा गडद हिरवा ब्लेझर, खिशावर खजुराचं झाड आणि दोन बॅटी. चाळीसच्या वर तापमान, आणि हा माणूस ब्लेझर घालून नाणेफेक बघायला जाणार. त्यांना घाम कसा येत नाही, याचा मी विचार करत बसायचो. रूपर्टचा विनोद संपायच्या आधी ते हसायला सुरुवात करायचे आणि विनोद संपला की बरोबर त्याच क्षणी थांबायचे. हे जमवायला किती वर्षं लागली असतील. ते मांडीवर रुमाल पसरून काकडीचं सँडविच खायचे. मी कनातीच्या फटीतून बघायचो. मला त्या सँडविचचा हेवा वाटायचा. ते सँडविच कसं लागतं हे मला माहीत होतं. आमच्या मेसचे कासमचाचाच ते बनवायचे. पावाच्या कडा कापून सँडविच तंबूत जायचं आणि कडा आमच्या संध्याकाळच्या डाळीबरोबर यायच्या. पाव तोच, काकडी तीच. तरी हेवा.

"इंग्रजाला पावाची कड चावत नाही," कासमचाचा म्हणायचे. दापोलीकडचे, तीस वर्षं इथे. "अख्खं जग चावून झालं, दात कुठं राहिलेत."

मी हसायचो. पण मला कडा नको होत्या. मला मधला भाग हवा होता. मला तो कोट हवा होता. रूपर्ट नको व्हायला, ते आपल्या हातात नव्हतं. पण सरनाईक का नको? तेही मराठी, मीही मराठी. दहावीला मराठीत मी शाळेत पहिला होतो. त्यांच्यापेक्षा पुस्तकं मी जास्त वाचली होती, हे मला पैजेवर सांगता आलं असतं. ते माझ्याशी मराठीत बोलायचे, पण फक्त मैदानावर. रूपर्टचा निरोप समोरच्या संघाला कळू नये म्हणून. तंबूच्या दारात पोचलो, की त्यांची मराठी संपायची.

मग वार्षिक चषकाचा अंतिम सामना आला. समोर रियाधच्या डॉक्टरांचा संघ. त्यांचा मुख्य बॅट्समन एक इंग्रज सर्जन, रूपर्टच्याच शाळेतला. दोघं एकमेकांना शाळेतल्या टोपणनावाने हाक मारत होते.

शेवटच्या काही षटकांत सामना अडकला. सर्जन माझ्या बाजूला, बिनस्ट्राइकला. मी धावत आलो, की चेंडू हातातून सुटायच्या आधीच तो दोन पावलं पुढे. दरवेळी. चोरटी धाव त्याला फुकट मिळत होती. मी अंपायरला सांगितलं. अंपायर हसला.

रूपर्ट मिडऑफला होता. तो सरनाईकांजवळ गेला, तोंडासमोर टोपी धरून काही बोलला. सरनाईक चालत माझ्याकडे आले. चेंडू माझ्या हातातून घेतला, पुसल्यासारखा केला, परत दिला आणि खाली बघत म्हणाले:

"पुढच्या वेळी निघाला की उडव."

मी विचारलं, "नक्की, सर?"

"कॅप्टनने सांगितलंय. उडव."

मी धावत आलो. तो निघाला. मी थांबलो आणि बेल्स उडवल्या. सर्जन क्रीजच्या हातभर बाहेर होता.

नियमात हे बाद आहे. पूर्वी पुस्तकात ते अनुचित खेळाच्या कलमात होतं, आता साधं धावचीत म्हणून आहे. स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी आपल्या एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने ऑस्ट्रेलियात हेच केलं होतं, तिथल्या बॅट्समनला आधी ताकीद देऊन. गोऱ्या वर्तमानपत्रांनी त्या प्रकाराला त्याचंच आडनाव चिकटवलं. क्रीज सोडून चोरी करणाऱ्याचं नाव कुठल्याही प्रकाराला दिलं नाही.

मी अपील केलं. मग तंबूतून आवाज आला. ओरडणं नव्हे, एक लांबलचक "ओऽह". अंपायरने रूपर्टकडे बघितलं. "अपील कायम आहे?"

रूपर्टने टोपी काढली. सावकाश चालत आला, सर्जनच्या पाठीवर हात ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वी डोन्ट डू दॅट हिअर."

टाळ्या. तंबूतले लोक उभे राहिले. त्याने आधीच हे ठरवलं होतं, की तो "ओऽह" ऐकून त्याचं मन बदललं, ते मला आजही माहीत नाही. मी सरनाईकांकडे बघितलं. ते ग्लोव्हजची पट्टी घट्ट करत होते. बराच वेळ करत होते.

माझी दोन षटकं उरली होती. ती दुसऱ्याला दिली. आम्ही हरलो. डॉक्टरांना चषक मिळाला आणि रूपर्टला खेळाडूवृत्तीचा चषक. तो पहिल्यापेक्षा मोठा होता.

चार दिवसांनी डॉक्टरांच्या संघाचं पत्र आलं. अपील मागे घेतलं हे छान, पण मुळात तसं केलं कोणी, याची लेखी माफी हवी. नाहीतर पुढच्या वर्षी ते येणार नाहीत. क्लबाच्या मनोरंजन समितीची बैठक बसली. मला बोलावलं नाही. चहा घेऊन कासमचाचा गेले होते, त्यामुळे मला वृत्तांत मिळाला.

मेसमध्ये ताटात भात वाढता वाढता त्यांनी विचारलं, "काय रे, तुला मराठी येत नाही म्हणे?"

"कोण म्हणतं?"

"तुझा सरनाईक. साहेबाने विचारलं, तू ह्याला काय सांगितलंस? तर सरनाईक म्हणाला, मी सांगितलं, अडव. अडव म्हणजे स्टॉप. ह्याने ऐकलं उडव. असे हात पसरून दाखवलं त्याने." चाचांनी पळी हातात धरून हात पसरले. "मग सगळे म्हणाले, अच्छा, लँग्वेज प्रॉब्लेम."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मला विचारलं साखर किती. ते मी सांगितलं."

मी जेवलो नाही.

अडव आणि उडव. एका अक्षराचा फरक, तोही नीट अक्षराचा नाही. रूपर्टने काही सांगितलंच नव्हतं. सरनाईकांनी बरोबर सांगितलं होतं. चुकला होता माझा कान. खोटं इतकं सुबक होतं की मला त्याचाही हेवा वाटला. मला सात जन्मांत सुचलं नसतं.

कॅम्पात एक करमणुकीची खोली आहे. कंपाउंडच्या वाचनालयातून टाकून दिलेली पुस्तकं खोक्यातून तिथे येतात. त्यात क्रिकेटच्या इतिहासाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, पहिली पानं गेलेलं. मी ते मागेच वाचलं होतं. त्या आठवड्यात, ड्युटी सुटली की पुन्हा काढून बसलो.

इंग्लंडात पूर्वी खेळाडूंच्या दोन जाती होत्या. हौशी ते जंटलमन, पैसे घेऊन खेळणारे ते नुसते प्लेअर. दोघांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायचे दरवाजे वेगळे. कार्डावर जंटलमनची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, प्लेअरची नंतर. आपल्याकडे लोक म्हणतात, इंग्रजांनी आपल्याला समता शिकवली. त्यांनी घरी काय ठेवलं होतं तेही बघायला हवं. आणि त्या हिशेबाने आमच्या संघात हौशी मी एकटा. सभासदांना सामन्याच्या दिवशी क्लबाचा भत्ता होता. मला चहा होता, मागच्या बाजूला.

पुढे बॉडीलाइनचं प्रकरण. इंग्लंडचा कॅप्टन बड्या घरचा, ऑक्सफर्डचा. ऑस्ट्रेलियाच्या बॅट्समनच्या अंगावर चेंडू टाकायचे, असा हुकूम त्याने दिला. एक जंटलमन गोलंदाज म्हणाला, मी टाकणार नाही. त्याला कोणी काही केलं नाही, तो संघात राहिला. दुसरा गोलंदाज कोळशाच्या खाणीतून आलेला. त्याने टाकले, जसे सांगितले तसे. मालिका जिंकून दिली. बोंब झाली तेव्हा मंडळाने त्याच्यापुढे माफीनामा ठेवला. कॅप्टनला पुढच्याच हिवाळ्यात संघ देऊन हिंदुस्थानात पाठवला. खाणवाला म्हणाला, मी कॅप्टनचं ऐकलं, माफी कशाची? सही केली नाही. इंग्लंडसाठी पुन्हा कधी खेळला नाही.

हे आधी वाचलं होतं तेव्हा वाटलं होतं, काय बाणेदार माणूस. आता वाटलं, मूर्ख. एक सही केली असती तर? आणि लगेच त्याचाही हेवा वाटला. त्याला नकार द्यायला समोर लॉर्ड लोक होते. माझ्यासमोर मनोरंजन समिती.

बुधवारी सरनाईकांनी ऑफिसात बोलावलं. पहिल्यांदाच बस म्हणाले. टेबलावर दोन कागद होते.

एक माफीनामा. क्लबाच्या लेटरहेडवर. खाली सहीच्या जागी माझं नाव छापलेलं. माझं, माझ्या बापाचं आणि आजोबांचं आद्याक्षर, मग आडनाव. दोन वर्षांत क्लबाने पहिल्यांदा माझं नाव छापलं होतं, आणि आद्याक्षरं आधी होती.

दुसरा कागद सहयोगी सभासदत्वाचा अर्ज.

"रूपर्ट तुझ्यावर खूश आहे," सरनाईक म्हणाले. "खास बाब म्हणून ग्रेडची अट शिथिल करतोय. पुढच्या मोसमात तू मेंबर. यावर सही कर आणि क्लबात जाऊन कोटाचं माप देऊन ये."

इथे मी थोर काही केलं असं मला लिहिता येईल. केलं नाही. मी पेन उचललं. कोट मला स्पष्ट दिसत होता. मी तो घालून बायकोला व्हिडिओ कॉल केला होता, मनात. बाही थोडी लांब झाली तर काय, इथपर्यंत पोचलो होतो.

सही करायच्या आधी मी मजकूर वाचला. वाचायची सवय वाईट. लिहिलं होतं, व्हाइस कॅप्टनची सूचना मला भाषेच्या अडचणीमुळे नीट समजली नाही.

मी म्हटलं, "सर, माफी मागतो. फक्त हे भाषेचं वाक्य काढा."

"अरे, त्या वाक्यावरच तर सगळं उभं आहे."

"पण तुम्ही उडव म्हणालात."

"मी अडव म्हणालो." ते माझ्याकडे बघत नव्हते. मग बघितलं आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "हे बघ, यात तुझी काही चूक नाही. तुम्हा लोकांची मराठी जरा वेगळीच असते ना. अडव, उडव, कानाला सारखंच लागत असेल."

तुम्हा लोकांची.

रूपर्टने मला दारातून फिरवलं होतं. यांनी भाषेतूनच. हे दार माझंही होतं. मी यातूनच आत-बाहेर करत वाढलो होतो. इथे मागची बाजू कुठून आली?

मी म्हटलं, "सर, माझा बाप खाडीत होडी चालवायचा. काठाला लागताना मला ओरडायचा, अडव. उडव ऐकू आलं असतं तर होडीही राहिली नसती आणि मीही नसतो."

"विषय वाढवू नकोस. एक शब्द आहे साला."

"तर मग तुम्हीच लिहून द्या की तुम्ही तो चुकीचा बोललात."

ते हसले. या वेळी विनोद संपायची वाट बघून.

मी माफीनाम्याच्या खाली, छापलेल्या नावाच्या पुढे, मराठीत लिहिलं: मला उडव असं सांगितलं. मी ते नीट ऐकलं आणि तसं केलं. खाली पूर्ण नाव लिहून सही केली, देवनागरीत.

सरनाईकांनी कागद फिरवून घेतला. "हे इथे कोण वाचणार आहे?"

"तुम्ही," मी म्हटलं.

त्यांनी वाचलं. एकदा वाचून भागलं नाही, हे मला त्यांच्या डोळ्यांवरून दिसलं. त्यांचे कान लाल झाले. एसी चालू होता. त्यांना घाम येतो, हे मी पहिल्यांदा बघितलं. अर्ज त्यांनी स्वतःच फाइलीत परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी गेटवरच्या नेपाळी वॉचमनने माझा पास मशीनवर लावला. लाल दिवा. पुन्हा लावला. "खलास, भाई," तो म्हणाला आणि पास ठेवून घेतला. भिंतीपलीकडे गवतावर पाणी मारल्याचा वास येत होता. तो वास अजूनही येतो, वाऱ्याची दिशा असेल तेव्हा. त्या गवतावर आता मी पाय ठेवू शकत नाही. याचं मला रोज वाईट वाटतं. गेटमधून सरनाईकांचा कोट दिसला की अजूनही मान वळते. एका सहीने हेवा जात नाही. जातो असं कोणी सांगितलं तर त्याने कधी मागच्या बाजूला चहा घेतलेला नाही.

पण एवढं ठरलं. यापुढे माझा कान कोणाच्या सोयीने बहिरा होणार नाही. जे ऐकलं ते ऐकलं असंच सांगीन, समोर साहेब असो नाहीतर आपला माणूस. आपला माणूस असेल तर जास्त मोठ्याने. हुकूम देणाऱ्याने आधी सही करावी, मग माझी मागावी. आणि चेंडू सुटायच्या आधी समोरचा निघाला, तर मी त्याला पुन्हा उडवीन. कोणाला विचारायला जाणार नाही.

कॅम्पामागच्या खडीच्या पट्टीवर आम्ही आमचा संघ काढला आहे. पहिला सामना आम्ही प्लंबिंग विभागाकडून नऊ गड्यांनी हरलो. त्यात सात वाइड माझे होते.